‘वय झालं’ म्हणण्याआधी टीएसएच पाहा

महोदय,
पन्नाशीतली बाई गॅसवर दूध ठेवून विसरू लागली, तिचं कशात मन लागेना, की घरच्यांचं निदान तयार असतं : ‘वय झालं’, नाहीतर ‘नको तेवढा विचार करतेस’. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तर हवापालटासाठी माहेरी धाडलं. केस गळत होते, आवाज घोगरा झालेला, भर वैशाखात अंगावर शाल. त्याकडे कुणाचं लक्षच नाही! शेवटी रक्तातला टीएसएच (गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम नीट चाललंय का, हे सांगणारं संप्रेरक) तपासला आणि थायरॉइडचं काम मंदावलेलं निघालं.

थायरॉइडची गोळी सुरू झाली तरी डोकं लगेच ताळ्यावर येत नाही, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं. डोस बरोबर आहे का, हे ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासल्यावर कळतं. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या ४ तासांनी. आपल्याकडे सर्रास चहाच्या घोटाबरोबर गिळतात.

जाऊबाई आता गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारतात, विसरण्याजोगं सगळं फ्रिजवर चिकटवतात. टीएसएच जागेवर येऊनही उदासी हटत नसेल, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासावं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावं. त्यात कमीपणा कसला?

– एक वाचक, सातारा