आग्रा फेब्रुवारीत, सिमला मात्र आत्ताच

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, आधी मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे पत्र वाचताना जिवाला घोर लागायला नको. तुमची सहल होणार आहे. दिल्लीला मावशी भेटणार आहे, तुमचे जुने मित्र, सिमल्याचे काका भेटणार आहेत, आग्र्याचे काकासुद्धा भेटणार आहेत. मी फक्त त्यातून आग्रा काढलंय. काल दादाशी बोलले आणि आग्र्याची तिकिटं, हॉटेल, दोन्ही रद्द करून टाकलं. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही 'बरं' म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आणि तुमच्या त्या 'बरं'नंतर मला रात्रभर झोप लागत नाही. म्हणून सगळं नीट लिहितेय.

मेच्या शेवटी आग्र्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ताजच्या ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या येऊ देत नाहीत. बॅटरीची गाडी मिळते, पण ती दरवाजापर्यंतच. आतली सगळी वाट उघड्यावरची आहे आणि चौथऱ्यावर चढलं की पायाखाली तापलेला दगड. तुम्ही म्हणाल, पहाटे जाऊ, दरवाजे सूर्योदयाच्या आधी अर्धा तास उघडतात. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्या दिवसांत सकाळी आठालाच ऊन सोसवत नाही आणि परत येताना ते अंगावर घेऊनच यावं लागतं. शिवाय लू, म्हणजे तो भाजणारा गरम वारा, सुटली की सावलीत उभं राहूनही सुटका नाही.

तुमच्या गोळ्यांचं मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. लघवीची गोळी चालू असताना घामाने अंगातलं पाणी आणि क्षार आणखी जातात, बीपी एकदम खाली येतं, चक्कर येते. वयाबरोबर तहानही कमी लागते, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळतच नाही. तुम्ही 'मला काही होत नाही' म्हणता तेव्हा तुम्ही खरंच बोलत असता, हे मला ठाऊक आहे. मला भीती त्याचीच आहे. स्टेंट घातल्यानंतर आयसीयूच्या काचेतून तुम्ही मला हात करून 'जा, जेवून घे' अशी खूण केली होती. नळ्या लावलेल्या माणसाने काळजी माझ्या जेवणाची करायची! ती खूण डोळ्यांपुढे असताना भर मे महिन्यात तुम्हाला आग्र्याला पाठवायचं धाडस माझ्याच्याने होत नाही.

आग्र्याच्या काकांशीही मी बोलले आहे. रागावू नका. ते म्हणाले, 'ताज कुठे पळून जातोय? तुझ्या बापाला बघायचंय मला.' त्यांचा मुलगा त्यांना घेऊन दिल्लीला येतोय. गतिमान एक्सप्रेस आग्र्याहून पावणेदोन तासांत दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला आणते, त्यामुळे त्यांना त्रास नाही. म्हणजे इतक्या वर्षांनी तुमची दोघांची गाठ पडतेय ती एसीच्या खोलीत, पंख्याखाली, चहाचा कप समोर ठेवून. ट्रंकेतल्या त्या फोटोत तुम्ही चौघे जीपच्या बॉनेटवर बसलात ना, तो बरोबर न्या. आई, तू तो कपड्यांच्या घडीत ठेव, पिशवीत वाकेल. चौथ्या काकांबद्दल आग्र्याच्या काकांनी विचारलं तर तुम्ही सांगा बाबा, मी काहीच बोलले नाही.

आणि अगदी काहीच बघायचं नाही असं नाही. निजामुद्दीनजवळ हुमायूनची कबर आहे. तिथे सकाळी लवकर, दोन तासांत आटपेल असं जा. हुमायूनच्या बेगमने ती बांधवून घेतली. शाहजहानने ताजचं काम १६३२ च्या सुमारास सुरू केलं, त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी. चौकोनी बाग, पाण्याचे पाट, उंच चौथरा, वर दुहेरी घुमट, सगळं तिथे आधी झालं आणि मग ताजमध्ये संगमरवरात आलं. ताज बघायच्या आधी ही बघितली तर ताज जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं. शेजारीच जमिनीखाली नवं संग्रहालय २०२४ मध्ये उघडलंय. ऊन चढलं की तिथे शिरा. वरच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. आई, तू गुडघ्यांना विचारून चढ. नाही चढलीस तरी खालून बाग सुरेख दिसते. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, म्हणून मावशीकडचा तुमचा मुक्काम त्याप्रमाणे लावलाय. पण लाल किल्ला नाही झाला तरी चालेल. मावशीला वेळ द्या. हॉस्टेलच्या खोलीतल्या त्या गोष्टी आईने आम्हाला अर्ध्याच सांगितल्या आहेत, उरलेल्या अर्ध्या तिथे होऊ देत.

सिमला पुढे का ढकललं नाही, ते सांगते. पावसाळ्यात तिकडचे डोंगर सुटतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिमल्याजवळ समरहिलपाशी कालका-सिमला रेल्वेलाइनखालचा भराव वाहून गेला आणि रूळ हवेत लटकत राहिले होते. त्यामुळे जायचं तर पावसाआधीच. आणि मेमध्ये सिमल्याची हवा तुम्हाला मानवेल. दुपारी सुखद, रात्री स्वेटर लागेल इतकी.

बाबा, कालक्याहून सिमल्याला जाणाऱ्या छोट्या गाडीची तिकिटं मात्र मी हट्टाने काढली. काका म्हणत होते कालक्याहून टॅक्सीने या, लवकर पोहोचाल. पण मला तुम्ही त्या गाडीतच हवे आहात. लहानपणी घाटातून जाताना तुम्ही मला खिडकीजवळ बसवायचात, बोगदा आला की माझा हात धरायचात आणि उजेड आला की सोडायचात. मी बोटांवर बोगदे मोजायचे आणि बोटं संपली की तुमची बोटं घ्यायचे. या लाइनवर १०२ बोगदे आहेत. १९०३ मध्ये सुरू झालेली ही गाडी ९६ किलोमीटरांत कालक्याच्या साडेसहाशे मीटरवरून दोन हजारांच्या वर चढते. बरोगचा बोगदा सगळ्यांत लांब, १,१४३ मीटर, आणि स्टेशन त्याला लागूनच आहे. तिथे गाडी थोडी थांबते, पाय मोकळे करा. कनोहजवळ दगडी कमानींचा चार मजली पूल आहे, तो आईला दाखवा. तिला डुलकी लागली असेल तर उठवा. आई, चिडू नकोस, मीच सांगितलंय त्यांना. पाच-सहा तास लागतात, घाई नाही. त्या वेळात तुम्हाला कोणी फोन करणार नाही, मीसुद्धा नाही.

सिमल्यात मॉल रोडवर गाड्या जाऊ देत नाहीत. कार्ट रोडवरून मॉलवर जायला लिफ्ट आहे, ती घ्यायची. 'एवढ्याशा चढाला लिफ्ट कशाला' हे बाबा, चालणार नाही. काकांच्या घरापर्यंत टॅक्सी जाते, ते मी विचारून ठेवलंय. खोली तळमजल्यावरची आहे, बाथरूम खोलीतच आहे, गीझर आहे. आई, तुला उशी पातळ लागते, तसं काकूंना सांगितलंय. जाखू टेकडीवरच्या मारुतीला जायचं असेल तर रोपवेने जा, आणि चष्म्याला दोरी बांधा, तिथली माकडं चष्मा उचलून नेतात. व्हाइसरॉयच्या बंगल्यात बाबा, तुम्हाला पुरतं रमायला होईल. १९४५ ची सिमला परिषद तिथेच भरली होती. तुम्ही आजोबांकडून ऐकलेलं सगळं काकांना सांगत बसाल, आणि आई बाहेरच्या हिरवळीवर बसेल. तेही छानच.

आता ताज. नोव्हेंबरात दिल्लीकडे हवेत धूर असतो, डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. म्हणून फेब्रुवारी धरलाय, माघी पौर्णिमेच्या आसपास. पौर्णिमेची रात्र आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन रात्री ताज चांदण्यात बघायला सोडतात, फक्त शुक्रवारी आणि रमजानच्या महिन्यात नाही. मी रजा टाकलीय, मी बरोबर येणार आहे. आग्र्याच्या काकांना तेव्हाचंही सांगून ठेवलंय. तुम्हाला माझ्यासोबत ताज बघायचा नव्हता, तुमच्या मित्रासोबत बघायचा होता, हे मला माहीत आहे. तुम्ही दोघे पुढे चाला. मी आणि आई मागून येऊ.

दिल्लीपर्यंत दोन्ही बर्थ खालचे मिळालेत. ते कोणाला बदलून देऊ नका, बाबा. कोणी पोरगं 'काका, माझी फॅमिली आहे' म्हणालं तरी नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, पण या वेळी नाही. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, अर्ध्या आईच्या पर्समध्ये. जिभेखालची गोळी शर्टाच्या वरच्या खिशात, बॅगेत नाही. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आई, तुझी थायरॉइडची गोळी गाडीतसुद्धा उपाशीपोटीच, चहाच्या आधी. पाण्याची बाटली हातात ठेवा आणि तहान नसली तरी घोट-घोट घेत राहा. किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. सोमवारी त्यांच्याकडे जाऊन या, ईसीजी काढा आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठवा. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची तेही त्यांनाच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उद्या रात्री जेवणं झाली की फोन करते. बाबा, तुम्ही उचला. 'बरं' म्हणालात तरी चालेल, पण फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
धाकटी