मुंग्या-माश्यांच्या संशोधनाची वाट खानापूरच्या मुलांना कोण दाखवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बी.एस्सी.चे निकाल लागले की आमच्या खानापूर तालुक्यात दरवर्षी तीच चर्चा कानावर येते. बी.एड. करायचे, बँकेच्या परीक्षा द्यायच्या, की गोव्यात एखाद्या औषध कंपनीत लागायचे? प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलांना आणखी एक वाट आहे, ती कोणी सांगतच नाही. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या, वाळवी या समाज करून राहणाऱ्या कीटकांवर पीएच.डी. करता येते. त्या काळात दरमहा फेलोशिप मिळते. आणि या विषयात जगाने दखल घेतलेले काम बंगळूरला झाले आहे, म्हणजे आपल्याकडून रात्री गाडीत बसले की सकाळी पोहोचावे इतक्या अंतरावर. मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी मुले अजून विचारायला घरी येतात. त्यांना एकेकट्याला सांगतो ते सगळ्यांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

छज्जाखाली, खिडकीच्या चौकटीला राखाडी कागदासारखे पोळे लटकलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. असे पोळे करणाऱ्या गांधीलमाश्यांपैकी एक जात म्हणजे रोपॅलिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी या एका जातीवर काही दशके काम केले. तिची राणी दिसायला इतरांसारखीच, आणि वागायला अगदी गरीब. पण तिला पोळ्यावरून उचलून घ्या, थोड्याच वेळात कामकऱ्यांपैकी एक माशी चवताळून बाकीच्यांवर धावून जाऊ लागते. राणी परत आणली नाही तर साधारण आठवड्याभरात हीच अंडी घालू लागते आणि हळूहळू तीही शांत होते. स्वतः अंडी घालण्याची ताकद असताना बाकीच्या माश्या दुसरीची पिल्ले का वाढवतात, हा उत्क्रांतीशास्त्रातला मोठा प्रश्न. त्यातला बराच अभ्यास प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन, वही-घड्याळ घेऊन तासन्‌तास बघत बसण्यातून झाला. लाखो रुपयांच्या यंत्रावाचून संशोधन होत नाही, हा आपल्याकडच्या प्राध्यापकांचाही समज आहे. तो मुलांच्या मनातून आधी काढला पाहिजे.

बंगळूरलाच एनसीबीएस या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात मधमाश्या अन्नाची जागा सांगायला करतात त्या नाचावर काम झाले आहे. कोलकात्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत डायाकामा या मुंगीची वसाहत घर कशी बदलते, हे अभ्यासतात. नवी जागा माहीत असलेली मुंगी एका वेळी एकीलाच मागे घेऊन जाते आणि अशी सगळी वसाहत हलते. तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये भुंगे आणि मधमाश्या, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. १९९० साली सामाजिक कीटकांच्या अभ्यासकांची जागतिक परिषदही बंगळूरला भरली होती.

आता व्यवहाराचे. बी.एस्सी.नंतर जॅम या देशपातळीवरच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून आयआयटीची एम.एस्सी. किंवा विज्ञान संस्थेची एम.एस्सी.-पीएच.डी. एकत्र करता येते. एम.एस्सी. झालेल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आणि गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेत तर परिसंस्था व उत्क्रांती असा स्वतंत्र पेपरच आहे. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे वरिष्ठ फेलो झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडे. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,०००. पीएच.डी.नंतरच्याच संशोधनासाठीची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, वयाची अट सर्वसाधारण गटाला ३५. पालकांनी दुसरी बाजूही ऐकावी: पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, फेलोशिपचे पैसे कधी कधी महिनोन्‌महिने अडकतात आणि पुढे कायमच्या जागा थोड्याच निघतात. हे ठाऊक असूनही ज्याला यावेसे वाटते त्याला अडवू नये, एवढेच माझे म्हणणे.

सीमाभागातल्या मुलांसाठी यात एक मोठी सोय आहे. कर्नाटकचा कोटा की महाराष्ट्राचा, महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत आपले गाव येते की नाही, कुठला दाखला लागणार, यातच आपल्या मुलांची उमेद जाते. या केंद्रीय संस्थांच्या पीएच.डी. प्रवेशाला राज्याचा कोटा नाही. तुम्ही जांबोटीचे काय आणि जळगावचे काय, परीक्षा आणि मुलाखत एकच. केंद्राच्या आरक्षणाचे प्रमाणपत्र लागत असेल तर ते मात्र केंद्राच्या नमुन्यातलेच, वेळेत काढून ठेवावे.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. ती खरी आहे, मी वर्गात पाहिली आहे. पण या विषयाच्या मुलाखतीत तुम्ही काय पाहिलेत आणि त्यावरून काय प्रश्न पडला, याला फार वजन असते. आणि पाहण्यात आपली मुले कुठे कमी आहेत? कणकुंबीकडचा मुलगा आग्या मोहोळ कुठल्या झाडावर कधी येते, कधी उठून जाते हे सांगतो. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्यांतला फरक त्याला पोळे पाहूनच कळतो. भीमगडचे अभयारण्य आपल्या दाराशी आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून काही करू नये आणि आग्या मोहोळाच्या वाटेला तर जाऊच नये. पण घराच्या भिंतीवरच्या पोळ्यावर वर्षभर टिपण ठेवायला फक्त सुरक्षित अंतर राखायचे.

इथे एक सल सांगतो. एका कॉलेजात दोन विद्यार्थिनींनी व्हरांड्यातल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याची रोज नोंद ठेवली होती. किती कोष्ठके वाढली, कोणती माशी किती वेळा बाहेर गेली, सगळे तारीखवार. तपासणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली आणि आदल्या संध्याकाळी पोळे जाळून टाकले. कोणी वाईट हेतूने केले नाही, पण त्या मुलींना विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. त्यांचा प्रकल्प शेवटी इंटरनेटवरून उतरवलेल्या मजकुरावर पुरा झाला आणि त्याला गुणही चांगले पडले. याचे मला जास्त वाईट वाटते.

सीमाभागातल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना माझी विनंती आहे की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तरी मुलांना आवारातल्या किड्यामुंग्यांवर करू द्यावा आणि तेवढी पोळी, वारुळे राखावीत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही मिळते. आमच्या भागातल्या तरुण प्राध्यापकांनी आधी स्वतः अर्ज करावा. आपल्या दैनिकाकडे मागणे एवढेच की जॅम, गेट, नेट आणि या उन्हाळी फेलोशिपच्या अर्जाच्या तारखा पोलीस भरतीच्या तारखांसारख्या ठळक चौकटीत, मराठीत छापाव्यात. जॅम आणि गेटचे अर्ज गणपती-दसऱ्याच्या सुमारास सुटतात. आमच्याकडे त्यांची चौकशी सुरू होते ती बहुधा संक्रांतीनंतर.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव