हिशेब क्लाउडवर, जॉबकार्ड ॲक्सेसमध्ये : जोडणी फक्त वाचण्यापुरती ठेवा

संपादक महोदय,

लघुउद्योगांनी हिशेब क्लाउडवर न्यावेत, असा सल्ला आता सगळेच देतात आणि तो योग्यच आहे. पण भोसरी, अंबड, वाळूजच्या अनेक कारखान्यांत जॉबकार्ड, स्टोअरचा साठा आणि साच्यांची नोंद आजही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या जुन्या फाइलीत असते. हिशेब झोहो बुक्स या क्लाउडवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर गेला की कोणत्या जॉबचे बिल झाले, कोणाचे पैसे आले, हे पाहायला रोज सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) उतरवून ॲक्सेसमध्ये चिकटवत बसावे लागते. ओडीबीसी ड्रायव्हरने, म्हणजे क्लाउडवरचा डेटा ॲक्सेसला थेट दाखवणाऱ्या जोडणीच्या सॉफ्टवेअरने, हे काम वाचते. मात्र तो बसवताना ज्या चुका होतात, त्या थेट हिशेबाच्या मुळावर येतात.

टॅली त्याच मशिनवर उघडी असली की ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून तिचा डेटा एक्सेलमध्ये यायचा. त्याची सवय झालेल्यांना वाटते, इथेही तसेच असेल. तसे नाही. इथे प्रत्येक ओळ इंटरनेटवरून, परवानगीच्या टोकनवर (खातेदाराच्या संमतीने मिळणाऱ्या डिजिटल किल्लीवर) आणि मोजूनमापून येते.

पहिली अडचण ३२ आणि ६४ बिटची, सॉफ्टवेअर या दोन प्रकारांत येते. ड्रायव्हर विंडोजशी नव्हे, तर ऑफिसशी जुळावा लागतो. विंडोज ६४ बिटचे आणि ऑफिस ३२ बिटचे असेल, तर ड्रायव्हर ३२ बिटचाच हवा, नाहीतर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असा संदेश येतो. त्यातही गंमत अशी की ३२ बिटचा ओडीबीसी मॅनेजर ‘सिसवाव६४’ या फोल्डरमध्ये असतो आणि ६४ बिटचा ‘सिस्टिम३२’ मध्ये. डीएसएन, म्हणजे जोडणीच्या सेटिंगची साठवलेली नोंद, ‘सिस्टिम’ प्रकारचा करावा. ‘युजर’ प्रकारचा केला, तर रात्री दुसऱ्या लॉगिनखाली चालणाऱ्या कामाला तो दिसतच नाही. आणखी एक, झोहोचे भारतातले खाते डॉट इन वर असते. सेटिंगमध्ये डॉट कॉम राहिले की पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही.

क्लाउडवरचे टेबल लिंक करताना, म्हणजे डेटा तिकडेच ठेवून ॲक्सेसमध्ये दाखवताना, ॲक्सेस बहुधा विचारतो, प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची कशावरून? इथे घाईत पार्टीचे नाव निवडले, तर एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसू लागते. इन्व्हॉइस आयडीच निवडावा. हा आयडी १९ आकडीही असतो. तो ॲक्सेसच्या लाँग इंटिजर या आकड्यांच्या प्रकारात मावत नाही आणि डबल या प्रकारात १५ आकड्यांनंतर भरवसा नाही. शेवटचे आकडे गोल होऊन दोन वेगळी बिले एकच ठरतात. म्हणून स्थानिक टेबलात तो शॉर्ट टेक्स्ट या मजकुराच्या प्रकारात ठेवावा, रकमा करन्सी प्रकारात.

खरी कोंडी होते ती लिंक्ड टेबलावर थेट रिपोर्ट काढताना. जॉबकार्डचे स्थानिक टेबल क्लाउडच्या टेबलाशी जोडले की ॲक्सेस बहुतेक वेळा पलीकडचे सगळे टेबल ओढून आणतो. झोहो बुक्स एका फेरीत (एका विनंतीला) साधारण २०० बिलांची यादी देते, पण बिलातल्या मालाच्या ओळी त्या यादीत नसतात. त्यासाठी दर बिलाला वेगळी फेरी. म्हणजे १,००० बिलांच्या यादीला ५ फेऱ्या आणि ओळींसाठी आणखी १,०००. मर्यादा मिनिटाला १०० फेऱ्यांची, आणि योजनेनुसार दिवसाचीही एक मर्यादा आहे. रिपोर्ट दोनतीनदा उघडला की दिवसाचा कोटा संपू शकतो आणि दोष इंटरनेटला लागतो.

उपाय जुनाच आहे. लिंक्ड टेबलावरून रात्री एकदा स्थानिक टेबलात नक्कल करावी आणि सगळे रिपोर्ट त्या नकलेवर चालवावेत. क्वेरीचा टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो, तो वाढवावा. रोज फक्त शेवटच्या बदलाच्या वेळेनंतरची बिले आणली तरी पुरते. मात्र तिकडे डिलीट झालेले बिल या पद्धतीत कधीच कळत नाही, ते आपल्या येण्यांत तसेच राहते. त्यासाठी महिन्यातून एकदा, जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरण्याआधी, नक्कल पुसून पूर्ण भरावी.

तारखेबद्दल सांगितलेच पाहिजे. एसक्यूएल व्ह्यूमध्ये किंवा कोडमध्ये हॅशच्या (#) खुणांत ०१/०४/२०२५ लिहिले, तर ॲक्सेस ते १ एप्रिल नव्हे, ४ जानेवारी समजतो, कारण तिथे तो महिना आधी वाचतो. १३/०४/२०२५ मात्र १३ एप्रिलच ठरते, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे काही तारखा बरोबर, काही चुकीच्या, आणि चूक महिनोन् महिने दडून राहते. तारीख २०२५-०४-०१ अशी वर्षापासून लिहावी.

आता मुख्य मुद्दा. अनेक ड्रायव्हर लिहिण्याचीही सोय देतात आणि ॲक्सेसच्या फॉर्ममधून थेट बिल दुरुस्त करण्याचा मोह होतो. तो टाळावा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. ड्रायव्हरमधून केलेला बदल ज्याच्या परवानगीने टोकन काढले, त्याच्या नावावर पडतो. स्टोअरकीपरने बदललेला दर मालकाच्या नावावर दिसला, तर ऑडिटरला उत्तर कोणी द्यायचे? शिवाय अपडेट क्वेरी एका झटक्यात शेकडो बिले बदलते आणि तिकडे ‘अनडू’ नाही. प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मना तो नियम लागू नाही, धोका मात्र तोच आहे. म्हणून जोडणीसाठी वेगळा युजर करावा, त्याला फक्त पाहण्याचा रोल द्यावा, टोकन काढताना ‘फुल ॲक्सेस’ ऐवजी ‘रीड’ मागावे आणि ड्रायव्हरमध्ये ‘रीड ओन्ली’ची खूण असेल तर तीही करावी. लघुउद्योजकांच्या संघटना जीएसटीच्या कार्यशाळा घेतात, त्यांत एक तास या विषयाला द्यावा, ही कळकळीची विनंती.

टेबल लिंक करताना ‘सेव्ह पासवर्ड’वर खूण केली, तर जोडणीचा सगळा तपशील ॲक्सेसच्या फाइलीत उघडाच राहतो. ती फाइल पेनड्राइव्हवर नेणाऱ्याच्या हाती हिशेबाची किल्लीही जाते. ती खूण करू नये, फाइलला डेटाबेस पासवर्ड लावावा आणि काम करून देणारा तंत्रज्ञ बदलला की झोहोच्या खात्यातील जोडलेल्या ॲप्सच्या यादीतून जुनी परवानगी त्याच दिवशी काढून टाकावी.

– लघुउद्योगांसाठी डेटाबेसचे काम करणारे काही व्यावसायिक, पुणे