किमान शिक्षेवरच का थांबावे?

महोदय,

मेफेड्रोन या अमली पदार्थाचा व्यावसायिक प्रमाणात पुरवठा करणाऱ्यास १० वर्षे सक्तमजुरी झाल्याची बातमी वाचली. गुन्हा सिद्ध झाला याचे समाधान आहे. पण अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात ही किमान शिक्षा आहे, २० वर्षांपर्यंतची तरतूद आहे. मेफेड्रोनचे व्यावसायिक प्रमाण (ही शिक्षा लागू होण्याची मर्यादा) ५० ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढी पुडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या कारखान्यात तर शेकडो किलो माल सापडला होता.

किमानपेक्षा अधिक शिक्षा देताना काय विचारात घ्यावे, हे याच कायद्याचे कलम ३२-ब सांगते: शिक्षणसंस्थेजवळ किंवा विद्यार्थी जमतात तिथे गुन्हा घडणे, अल्पवयीनांना झळ बसणे, संघटित टोळीचा सहभाग. पुण्यात कॉलेज, वसतिगृहे, अभ्यासिका एकमेकांना खेटून आहेत. मात्र हे न्यायालयापुढे पुराव्यानिशी यायला हवे. पंचनाम्यात वजन आणि सील काटेकोरपणे नोंदवतात, तसेच जवळच्या कॉलेजचे फाटक किती मीटरवर आहे, हेही नोंदवावे. शिक्षेवरील युक्तिवादात सरकारी वकिलांनी त्यावर आग्रहाने बोट ठेवावे. पोलिस आयुक्तांनी तशा लेखी सूचना सर्व ठाण्यांना द्याव्यात.

– एक पालक, कर्वेनगर, पुणे