एसीवाल्या दादांना, ज्यांचा नंबर माझ्याकडून गेला

दादा, नमस्कार. मी डोंबिवलीची, चौथ्या मजल्यावरची, जिच्या भिंतीवरून मे महिन्यात पाण्याचे ओघळ येत होते आणि खाली दोन पातेली लावून ठेवली होती ती. माझा फोन पाण्यात पडला आणि त्यात तुमचा नंबर गेला, वॉचमनकडे विचारलं तर तो म्हणतो तुमच्या नंबरची चिठ्ठी लिफ्टमधून कुणीतरी काढून टाकली. तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात ना की पोरगी फोनवर काही आलं तर वाचून दाखवते, म्हणून म्हटलं इथेच लिहू, कुणाकडून तरी फिरत फिरत पोचेल.

तुमच्या आधी एक जण येऊन गेला होता. त्याने एसी उघडलाही नाही हो, खालूनच हात लावून "गॅस गेलाय, 3500 होतील" म्हणाला. आम्ही द्यायला तयारच होतो, कारण रूम गार होत नव्हती, आतल्या युनिटमधून ओल्या पोतेऱ्यासारखा वास यायचा आणि सासूबाईंचा खोकला काही थांबत नव्हता. तुम्ही मात्र आधी एमसीबी, म्हणजे एसीचा मेन स्विच, पाडलात, झाकण वर केलंत आणि ती फिल्टरची जाळी काढून माझ्या हातात दिलीत. खोटं कशाला बोलू, मला ती जाळी आहे हेच कळलं नाही, गोधडीचा तुकडा वाटला. दोन वर्षं झाली होती घेऊन आणि फिल्टर बाहेर निघतो हे घरात कुणाला माहीत नव्हतं, रिमोटची बटणं मात्र सगळ्यांना पाठ.

"गॅस म्हणजे पेट्रोल नाही ताई, जळून संपायला. पाइपातच फिरतो. कमी झाला तर कुठंतरी लीक आहे, आधी लीक शोधायचा मग भरायचा." हे तुमचं वाक्य मी आत्तापर्यंत निदान दहा जणांना ऐकवलंय, आपलंच असल्यासारखं. आणि बर्फाचं पण तुम्ही छान सांगितलंत, की जाळी तुंबली की कॉइलवरून हवा जात नाही, मग कॉइल इतकी गार होते की तिच्यावरचा दमटपणा तिथंच गोठतो, आणि तो बर्फ वितळला की ट्रेमधलं पाणी काठावरून भिंतीवर. त्यात आमचा ड्रेन पाइप पण बुळबुळीत शेवाळाने बंद. पाइपात उलटी हवा मारलीत तेव्हा जे काय बाहेर आलं ते सासूबाईंनी बघितलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

खाली ती प्लास्टिकची पिशवी बांधून पंपाने पाणी मारलंत, पहिली बादली नुसती शाई, दुसरी चहासारखी, तिसरी कुठे जरा बघण्यासारखी. ब्लोअरच्या पात्यांवरचं ते काळं तर माझ्याच जुन्या टूथब्रशने काढलंत. मग आउटडोअर, म्हणजे बाहेरचं युनिट. नवऱ्याला दोरी धरायला लावून ग्रिलमध्ये उतरलात (तो अजून सांगतो सगळ्यांना, जणू हाच उतरला होता) आणि मागून कबुतराचं घरटं काढलंत, त्यात वायरचे तुकडे, पिसं आणि आमच्याच खराट्याच्या काड्या! कॉइल पिसांनी गच्च, बाहेर गरम हवा जाणार कुठून. सगळं धुऊन झाल्यावर मीटर लावून दाखवलात, गॅस होता तेवढाच होता. 600 घेतलेत फक्त.

पण आभार त्याचे नाहीत, म्हणजे त्याचेही आहेतच. निघता निघता तुम्ही मला बेसिनपाशी उभं करून जाळी धुवायला लावलीत ना, त्याचे. मी धूळ होती त्या बाजूनेच नळ सोडला तर म्हणालात, "ताई उलटी धरा, मागून पाणी मारा, नाहीतर धूळ आत घुसते." असं शिकवून स्वतःचं पुढच्या वर्षीचं निम्मं काम घालवलंत की हो तुम्ही.

आता दर दुसऱ्या रविवारी मुलाकडे ते काम आहे. एकदा मी शहाणपणा करून जाळी कडक उन्हात वाळत घातली, तुम्ही सावलीत सांगितलं होतं, तर फ्रेम वाकली आणि खाचेत बसेना, दाबून दाबून बसवली. पावसाळ्यात बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता फॅन मोडवर ठेवते, आतलं ओलं सुकतं, वास परत आलेला नाही. 18 वरून 24 वर यायला नवरा तयार नव्हता, त्याला म्हटलं 2020 च्या जानेवारीपासून स्टारवाले नवीन एसी सुरूच 24 वर होतात, सरकारला काय वेड लागलंय का, आणि वर पंखा लावला. आता तोच रात्री चादर ओढतो. सासूबाईंचा खोकला बराच कमी आहे, एसीमुळेच होता असं मी म्हणणार नाही, त्यांनी औषधही घेतलं, पण कबुतरं गेली हे चांगलंच झालं.

गेल्याच महिन्यात समोरच्या वहिनींकडे कुणीतरी गॅसचे पैसे मागत होतं, मी जाऊन आधी जाळी काढायला लावली. तशीच गोधडी.

आणि हो, तुमचा पिवळ्या मुठीचा टेस्टर आमच्या फ्रिजवर राहिलाय. मुलगा त्याला हात लावतो म्हणून डब्यात घालून ठेवलाय. एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग करायचंच आहे, तेव्हा या, आणि मागच्या वेळी चहा न घेता गेलात, तसं चालणार नाही.