प्रशिक्षणानंतरची गटबैठकही मानधनात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आशाताई आणि गावातल्या स्वयंसेविकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण मिळते, प्रमाणपत्र मिळते आणि मग गगनबावडा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर त्या एकट्या पडतात. रजिस्टर तपासले की देखरेख झाली, असे धरले जाते. रजिस्टरात भेटी मोजता येतात, बोलणे कसे झाले ते कळत नाही.

गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेच्या समुपदेशकांनी एकमेकांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण दिले. सरावानंतर ते तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडेही हे जमेल, पण शिस्तीने.

पाच-सहा जणींचा गट, पंधरवड्यातून एकदा दोन तास. संमतीने ध्वनिमुद्रित केलेले एकच सत्र घ्यावे आणि चर्चेआधी प्रत्येकीने गुण कागदावर लिहावेत. नाहीतर ज्येष्ठ बाई बोलली की बाकीच्या तिचीच री ओढतात. पहिले बोलणे मात्र सत्र घेणारीचे. समजा, सत्रात मदतीसाठी आलेली बाई म्हणते, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही’ आणि कार्यकर्ती लगेच सांगते, ‘मन रमवा, देवाचं नाव घ्या.’ तिथेच मुद्रण थांबवावे, ‘कधीपासून? रात्री मनात काय येतं?’ असे विचारून तेवढा संवाद दोघींनी पुन्हा करून पाहावा. नुसत्या सूचनेने सवय मोडत नाही.

मदत घेणाऱ्या व्यक्तीचे नाव गाळले तरी ‘सोसायटीच्या चेअरमनची सून’ म्हटले की आपल्या जिल्ह्यात माणूस ओळखू येतो. नातेसंबंधांचे असे उल्लेखही बदलावेत. मुद्रण बैठकीनंतर पुसावे, व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच पाठवू नये. आणि ‘जगावंसं वाटत नाही’ हे वाक्य आले तर बैठकीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी वरिष्ठांना फोन, ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक, घरातले कीटकनाशक दुसऱ्याच्या ताब्यात, आणि त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही.

तज्ज्ञाशिवाय गट फार काळ नीट चालत नाही. मैत्रिणी एकमेकींना हळूहळू जास्त गुण देऊ लागतात आणि चुकीची पद्धतही सर्वांची होऊन बसते. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मानसशास्त्रज्ञाने महिन्यातून एकदा बैठकीत येऊन तेच मुद्रण ऐकून स्वतंत्र गुण द्यावेत आणि फरक का पडला यावर गटाशी बोलावे.

बहुतेक बैठका बंद पडतात त्या पैशाअभावी. दिवस बुडतो, एसटीचे भाडे पदरचे जाते, मग दोन तास मानधनाच्या तक्रारीतच संपतात, आणि त्या तक्रारी खऱ्या असतात. जिल्हा परिषदेने या बैठकीला अर्ध्या दिवसाचे काम मानून मानधन आणि प्रवासखर्च द्यावा. सुरुवात एका तालुक्यापासून केली तरी चालेल.

– सामुदायिक मानसिक आरोग्य क्षेत्रातील प्रशिक्षक, कोल्हापूर