शेतकऱ्याचा कोट कोणी बेतला?

महोदय,

युरोपातील लोकपोशाखांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात, तेथील खेड्यांतला पुरुषी पोशाख घरीच शिवला जाऊन पिढ्यानपिढ्या तसाच चालत आला असे म्हटले आहे, ते अर्धेच खरे आहे. जर्मन मुलुखात तागाचा सदरा घरातील बायका शिवत; पण लोकरी कोट आणि विजार बेतण्याचा हक्क शिंप्यांचे संघ, म्हणजे गिल्ड, आपल्याकडे राखत आणि चोरून शिवणाऱ्याला माळ्यावरून हुडकून काढत. फिरता शिंपी रोजावर आणि जेवणावर शेतकऱ्याच्याच घरी मांडी घालून शिवत बसे; माप घ्यायला खाचा पाडलेली पट्टी असे. त्याच्या हाताला वळण गिल्डचे असल्याने शहरी बेत उशिरा का होईना, गावात उतरे. त्यात जर्मन मुलूख ज्यात मोडत, त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या १५३० च्या फर्मानाने शेतकऱ्याचा कोट अर्ध्या पोटरीपर्यंतच असावा व त्याला सहापेक्षा जास्त चुण्या नसाव्यात, असे बजावले होते (ते किती पाळले गेले, हा भाग वेगळा). पॅरिसमध्ये १६७५ साली शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र गिल्ड मिळाले, तरी प्रौढ पुरुषांचे कपडे शिंप्यांकडेच राहिले.

– एक वाचक, सातारा